फेसाचं माप

आधीच सांगून ठेवतो, माप माझं बरोबर होतं. लोक अर्धी गोष्ट ऐकतात आणि माना डोलवायला लागतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. ग्लासाची उंची चौदा सेंटिमीटर होती. त्यातले साडेचार सेंटिमीटर नुसता फेस होता, आणि बिल मात्र भरल्या ग्लासाचं लावलं होतं. वजनमापे खात्यात मी एकतीस वर्षं निरीक्षक आहे. दुधात, रॉकेलमध्ये, तेलात मी फेस धरून दाखवला आहे. फेस म्हणजे हवा, आणि हवा विकणं हा गुन्हा आहे. निदान असला पाहिजे, असं मी वरिष्ठांना एकदा लेखी कळवलं होतं. तीन वर्षांनी उत्तर आलं, 'योग्य ती कार्यवाही करावी.'

मी योग्य ती कार्यवाही केली. खिशातून पट्टी काढून फेस मोजला. वेटरला बोलावलं, मग त्याच्या वरच्याला, मग त्याच्याही वरच्याला. ओळखपत्र दाखवलं. फेस बसेपर्यंत सगळ्यांनी थांबावं आणि मग रिकामी जागा भरून द्यावी, एवढी साधी मागणी केली. आता हे सगळं ज्या टेबलावर चाललं होतं ते टेबल माझ्या लेकीचं होतं, हे मला मान्य आहे. तिला बढती मिळाली होती. ऑफिसातल्या माणसांना तिनं जेवायला बोलावलं होतं आणि हौसेनं आम्हा दोघांनाही. ते लिंबाचं, जिनचं, वर पांढराशुभ्र फेस असलेलं पेय तिनंच माझ्यासाठी मागवलं होतं. हलकं असतं बाबा, एकदा चाखून बघा, असं म्हणाली होती. मी चाखलं नाही. मोजलं.

ती उठली, बिल भरलं आणि निघून गेली. त्या दिवसापासून तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. भांडली असती तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं. पण ही आईमार्फत बोलायची. मी समोर खुर्चीत बसलेला असायचो, दीड हातावर, आणि ही म्हणायची, आई, बाबांना सांग त्यांचा फोन वाजतोय. फोन माझ्या हातात असायचा. माझी बायकोही इतकी इमानी की ती वळून मला जसंच्या तसं सांगायची. मग मी बायकोला सांगायचो की तिला सांग, ऐकू आलं. घरात तीन माणसं आणि कामकाज सचिवालयासारखं.

त्यातच तिची बदली झाली. दुसऱ्या शहरात, रेल्वेनं अकरा तास. रविवारी संध्याकाळी पाचला सामानाचा ट्रक यायचा होता आणि ती त्याच्याबरोबर जाणार होती. म्हणजे रविवारी पाचच्या आत ती माझ्याशी बोलली नाही, तर ही मुकी कोंडी ती बरोबर घेऊन जाणार होती. मग फोनवर आईशी बोलायचं आणि बाबांना सांग म्हणायचं, असं वर्षानुवर्षं चालू शकतं. माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा असाच एकोणीस वर्षांचा अनुभव आहे.

बायको म्हणाली, एक शब्द टाका, चुकलं म्हणा. मी म्हटलं, माप बरोबर होतं. ती म्हणाली, मापाबद्दल कोण बोलतंय. मी म्हटलं, मीच बोलतोय. तिनं कपाळावर हात मारून घेतला. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो खुलासे मागवले आहेत, पण स्वतः एकही दिलेला नाही, आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी हे शिकणं मला जड जात होतं. म्हणून मी ठरवलं की तेच पेय घरी करायचं, तसंच फेसाळ, तिच्या पुढ्यात ठेवायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही. समजायचं ते ती समजेल. शिकली-सवरलेली आहे.

कृतीसाठी त्या हॉटेलला फोन केला. पलीकडच्या माणसानं माझा आवाज ओळखला असावा. त्यानं मला दोन मिनिटं संगीत ऐकवलं आणि मग फोन ठेवून दिला. मग फोनवरच एक व्हिडिओ शोधला. त्यात एक दाढीवाला तरुण होता. जिन, लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि एका अंड्यातलं पांढरं, एवढं शेकरमध्ये घालून आधी बर्फाशिवाय हलवायचं, मग बर्फ घालून हलवायचं, गाळून ग्लासात ओतायचं आणि वर सोडा सोडायचा. इथवर ठीक होतं. पण किती घालायचं, तर हा प्राणी बाटली तिरकी करून म्हणतो, अंदाजानं. माझं डोकंच सटकलं. अंदाज! ज्या शब्दाविरुद्ध मी उभं आयुष्य घातलं, तो शब्द हा मुलगा हसत हसत उच्चारतो आणि सात लाख लोक त्याला पसंतीचा अंगठा देतात.

घरातली भांडी मी मापाला मानत नाही. म्हणून शनिवारी ऑफिसच्या स्टोअरमधून शिक्क्याचं शंभर मिलिलिटरचं मोजपात्र मागितलं. आमचा स्टोअरवाला हा माणूस रजिस्टरमध्ये जन्मलेला आहे. त्यानं तीन प्रतींत अर्ज घेतला. 'कारण' या रकान्यात मी 'तपासणी' लिहिलं, कारण 'जिन' लिहिणं बरं दिसलं नसतं. त्यावर तो शांतपणे म्हणाला की तपासणीसाठी नेलेलं मोजपात्र चोवीस तासांत तपासणी अहवालासह परत यायला हवं, आणि अहवालात निदान एक तरी काटा किंवा माप तपासल्याची नोंद हवी. हा नियम कोणी केला असं मी तावातावानं विचारलं. त्यानं कागद काढून दाखवला. खाली माझीच सही होती.

जिन आणायला गेलो तर तिथं आणखी तमाशा. त्या रस्त्यावर मला सगळे ओळखतात, आणि शनिवारी दुपारी मी हातात शिक्क्याचं मोजपात्र घेऊन चाललेला. दारूच्या दुकानाचं शटर माझ्या डोळ्यांदेखत खाली आलं. मी थापा मारल्या, गिऱ्हाईक म्हणून आलोय म्हणून ओरडलो. शटर वीतभर वर झालं आणि खालून एक हात जिनची बाटली बाहेर सरकवून म्हणाला, साहेब, घेऊन जा, हिशेबाचं राहू द्या. लाच! मला, भर रस्त्यात, फटीतून! तळपायाची आग मस्तकात गेली. मी गुडघ्यांवर बसलो, फटीला तोंड लावलं आणि पावतीशिवाय बाटली घेणार नाही म्हणून सांगितलं. आतला माणूस पावती द्यायला तयार होईना, त्याला तो सापळा वाटत होता. अर्धा तास मी बंद दारूच्या दुकानापुढे गुडघे टेकून विनवण्या करत होतो आणि येणारी-जाणारी माणसं हळहळत होती. एका बाईनं तर मला घरचा पत्ता विचारला. शेवटी पावती मिळाली. लिंबूवाला तोवर काटा गुंडाळून पळाला होता, त्याच्या टोपलीतून मी सहा लिंबं घेतली आणि सुटे पैसे दगडाखाली ठेवून आलो.

रविवारी जेवण झाल्यावर मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. लेक आतल्या खोलीत खोकी भरत होती. बायकोचा पाण्याचा थर्मास शेकर म्हणून घेतला, डझनभर अंडी आणि वही मांडली, आणि पहिलं अंडं फोडलं. पांढरं वेगळं करून मोजपात्रात ओतलं: तेहतीस मिलिलिटर. दुसरं फोडलं, अठ्ठावीस. एकाच ट्रेमधली दोन अंडी, आणि पाच मिलिलिटरचा फरक. अशा जगात माणसानं काय काम करायचं? वहीत मी तीस ठरवले होते, ते चौथ्या अंड्यात बरोबर भरले. सगळं वहीत उतरवून थर्मास हलवला आणि उघडून पाहिलं तर सुंदर फेस आला होता. मी तो मोजपात्रात ओतला, डोळ्यांच्या पातळीवर धरला, चष्मा पुसला, आकडा वाचला, लिहिला. तोवर फेस बसला. पुन्हा केलं, पुन्हा मोजलं, पुन्हा बसला. तीन वेळा असं झालं. फेस मोजू दिलाच पाहिजे, नाहीतर त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा, या मुद्द्यावर मी ठाम होतो.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे कप्तान आले. हे गृहस्थ कप्तान वगैरे काही नाहीत. एका जहाज कंपनीच्या ऑफिसात सामानावर चिठ्ठ्या चिकटवत त्यांनी पस्तीस वर्षं काढली, आणि समुद्र पाहिला तोही खिडकीतून. पण दारूचा विषय निघाला की ते सात समुद्र फिरून येतात. काल मला शटरपुढे गुडघ्यांवर पाहिल्याचं त्यांनी आख्ख्या इमारतीला सांगितलं होतं आणि आता माझी चौकशी करायला आले होते. सगळा प्रकार ऐकून घेऊन त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगितलं की फेस टिकत नाही कारण सोडा मागून घालता. सोडा आतच घालायचा, झाकण घट्ट लावायचं आणि जीव खाऊन हलवायचं. मोठमोठ्या जहाजांवर असंच करतात म्हणे.

माझ्यासारख्या माणसानं हे ऐकायला नको होतं. हवा, दाब, बंद भांडं, हे सगळं मी नोकरीच्या परीक्षेत लिहून पास झालो आहे. पण साडेतीन वाजले होते, आणि घाईत माणूस अक्कल गहाण ठेवतो. स्वयंपाकघरात जागा कमी म्हणून आम्ही बैठकीच्या खोलीत आलो. मी थर्मास हलवला. पंधराव्या झटक्याला झाकण सुटलं, छताला आपटलं, आणि त्याच्यामागोमाग आतला सगळा ऐवज वर गेला, तो थेट चालू पंख्यात. पंख्यानं कुणावर अन्याय केला नाही. चारी भिंतींना, पडद्यांना, कप्तानांच्या टकलाला आणि माझ्या चष्म्याला अंड्याचं पांढरं समप्रमाणात मिळालं. लेकीनं दाराशी आणून ठेवलेल्या सहा खोक्यांवरही पडलं. 'पुस्तकं' असं लिहिलेल्या खोक्यावर सगळ्यात जास्त पडलं.

लेक बाहेर आली. तिनं छताकडे पाहिलं, खोक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. आईला म्हणाली, बाबांना सांग, पुस्तकं मी पुसून घेते, त्यांनी हात लावू नये. बायको माझ्याकडे वळली. मी म्हटलं, ऐकलं, बहिरा नाहीये मी. कप्तान डोकं पुसत म्हणाले की झाकण हलक्या प्रतीचं असणार. त्यांना तिथल्या तिथे पंख्याला टांगावं असं मला वाटलं.

आवाज ऐकून तळमजल्यावरच्या केकवाल्या काकू वर आल्या. या घरी केक करून विकतात, आणि स्वभावानं इतक्या चांगल्या की कोणाकडे काही सांडलं तरी आधी फडकं घेऊन येतात. त्यांनी भिंती पुसायला सुरुवात केली आणि मला समजावलं की अंड्याचं पांढरं हातानं नाही, बीटरनं फेटायचं, आणि मापानं नाही, वजनानं घ्यायचं. खाली जाऊन त्या आपला बीटर आणि वजनकाटा दोन्ही घेऊन आल्या. त्यांच्या पाठोपाठ स्टोअरवाला आला. चोवीस तास चारला संपत होते आणि रविवार हा वार त्याच्या नियमात नव्हता. रजिस्टर मांडीवर घेऊन तो सोफ्यावर, त्यातल्या त्यात कोरड्या जागी, बसला आणि म्हणाला, तुमचं चालू द्या, मी थांबतो.

आता जे झालं ते मी मुद्दाम केलं नाही. एकतीस वर्षांत हात आपोआप चालायला लागतात. समोर काटा दिसला, हातात शिक्क्याचं मोजपात्र होतं. मी काट्यावर रिकामं पात्र ठेवलं, आकडा शून्यावर आणला आणि शंभर मिलिलिटर पाणी भरलं. शंभर मिलिलिटर पाणी म्हणजे शंभर ग्रॅम. काटा म्हणाला एकशे आठ. माझ्या तोंडून निघून गेलं, काकू, तुम्ही किलोमागे चौऱ्याहत्तर ग्रॅम कमी देताय.

काकूंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. सहा वर्षं त्या केक विकतात. अर्धी इमारत त्यांची गिऱ्हाइकं, कप्तान तर दर महिन्याचे. कप्तान चटकन म्हणाले की तरी मला वाटायचंच. स्टोअरवाल्यानं आनंदानं पेनाचं टोपण काढलं, कारण त्याला अहवालात एक तरी काटा हवा होता, आणि काट्याचा नंबर काय म्हणून त्यानं काकूंनाच विचारलं. काकूंनी नंबर वाचून दाखवला. मला माहीत नव्हतं हो, एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सांगायला लागलो की घाबरू नका, सात दिवसांत दुरुस्तीची तरतूद आहे, कलमाचा नंबरही सांगितला. वर मान केली तर लेक दारात उभी होती. चिकटपट्टीची गुंडाळी हातात, आणि चेहरा अगदी त्या हॉटेलातला. या वेळी तिनं आईलाही काही सांगितलं नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको माझ्यामागून आली. मी रागानं धुमसत होतो. म्हटलं, माप चुकलेलं दिसलं तर काय डोळे मिटून घेऊ? असल्या फालतू गोष्टीवरून कोणी बापाशी तीन आठवडे अबोला धरतं? बदलीचं शहर तरी जवळचं असतं तर चार दिवसांनी जाऊन समजूत काढली असती, पण त्या ऑफिसवाल्यांनाही नेमकी आत्ताच बदली करायची अवदसा आठवली.

बायको ओट्याला टेकून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"बदली त्यांनी नाही केली. तिनं मागून घेतली."

मी म्हटलं, काय?

"बढती मिळून आठ दिवस झाले होते तिला. ज्यांच्यावर साहेबीण म्हणून बसायचं होतं, तीच माणसं त्या टेबलावर होती. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीवर कोणीतरी पट्टी ठेवली होती. रोज ठेवायचे. आठवडाभर सोसलं तिनं, मग अर्ज दिला. तुम्हाला सांगू नको म्हणाली, म्हणून नाही सांगितलं."

मला बसावंसं वाटलं, पण स्टुलावर अंडी होती. इतका वेळ मी जगावर चिडलो होतो, तो राग कुठं ठेवावा कळेना. पट्टीवर, खुर्चीवर, पट्टी ठेवणाऱ्यांवर. शेवटी तो फिरून माझ्याच अंगावर आला, आणि खरं सांगतो, माझ्यावर मी याआधी कधी चिडलेलो नव्हतो, त्यामुळे सवय नव्हती. मी ओट्यावर मूठ आपटली. ओट्याला टेकलेलं स्टूल हललं आणि त्यावरची दोन अंडी घरंगळून खाली पडली. तेवढ्यात बाहेर ट्रकचा ड्रायव्हर येऊन उभा राहिला. वाट मोकळी मिळाली म्हणून पाच ऐवजी साडेचारलाच आला होता. कपाट आधी उचलायचं की खोकी, असं विचारत होता.

मी बाहेर आलो आणि सगळ्यांना हाकललं. ड्रायव्हरला, कप्तानांना, काकूंना, स्टोअरवाल्यालाही. स्टोअरवाला म्हणाला, मोजपात्र. मी ते ओल्या हातानं त्याच्या रजिस्टरवर आदळलं आणि चौघांनाही जिन्यात उभं करून दार लावलं. मग आत जाऊन बाटली उचलली. आता घरात माप नव्हतं. जिन ओतली, किती ते देव जाणे. लिंबू पिळलं, पाक घातला, उरलेल्या दोन अंड्यांतलं एक फोडलं आणि त्यातलं पांढरं जसं पडलं तसं पडू दिलं. थर्मासचं झाकण हातानं दाबून धरलं आणि हलवायला लागलो. हात भरून आले तरी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर काहीतरी फोडलं असतं. बर्फ घातला, पुन्हा हलवलं. चहाच्या गाळणीतून ग्लासात गाळलं आणि वरून हळूच सोडा सोडला. फेस उठला, काठापर्यंत आला, काठाच्याही वर बोटभर गेला आणि तसाच उभा राहिला. मला त्याचाही राग आला. दुपारभर मी याला मापात सांभाळत होतो, आणि हा अंदाजाला बधला.

ग्लास घेऊन मी लेकीच्या खोलीचं दार पायानं ढकललं. खोली रिकामी झाली होती, खाटेवर गादी गुंडाळलेली. ती खिडकीपाशी उभी होती. मी ग्लास तिच्यासमोर टेबलावर ठेवला. ठरल्याप्रमाणे एक अक्षर बोललो नाही. तिनं ग्लास पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

"मोजा."

एकच शब्द. मी काही तिच्यावर ओरडायला आत गेलो नव्हतो. पण एवढा वेळ जे दाबून ठेवलं होतं ते त्या एका शब्दानं सुटलं. मी ओरडलो की नाही मोजणार, जन्मात नाही मोजणार, तुझ्या खुर्चीवर पट्टी ठेवणाऱ्यांचे हात मोडले पाहिजेत, आणि ती पट्टी त्यांच्या हातात मीच दिली, चुकलं माझं, एक वेळ नाही शंभर वेळा चुकलं, माप बरोबर होतं आणि तरी चुकलं, आता आणखी काय म्हणू? खिडकीची काच थरथरली. भिंतीला कान न लावताही आख्ख्या इमारतीला ऐकू गेलं असणार.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तुम्ही भांडताय, बाबा. माफी अशी मागत नाहीत."

मी विचारलं, मग कशी मागतात.

"तिथं सगळ्यांसमोर झालं होतं."

एवढं बोलून ती माझ्या शेजारून बाहेर गेली आणि तिनं घराचं दार उघडलं. चौघेही दाराला इतके टेकून उभे होते की कप्तान जवळजवळ आतच पडले. ती त्यांना म्हणाली, आत या, बाबांना काही सांगायचंय. सगळे आत येऊन भिंतीशी ओळीनं उभे राहिले. बायको स्वयंपाकघराच्या दारात होती. ड्रायव्हरनं तर डोक्यावरची टोपी काढली. त्याला वाटलं घरात कोणी गेलं असावं.

मी एकतीस वर्षं लोकांना असं ओळीत उभं केलं आहे. दुकानदार, दूधवाले, गॅसवाले. पंचनाम्याला साक्षीदार लागतात म्हणून आणखी दोघं उभी करायची. त्यांच्यापैकी एकानंही कधी माझ्याकडे पाहिलं नाही, सगळे खाली बघायचे. ते का खाली बघतात याचा विचार मी कधी केला नव्हता. आता मी माझ्याच घरात, अंड्याच्या डागांखाली उभा होतो, कानशिलं तापली होती, आणि माझी नजर फरशीवरून उचलत नव्हती. पळून जावं असं वाटत होतं. पण दारात ड्रायव्हर होता, आणि तो रुंद होता.

"त्या दिवशी हॉटेलात मी माझ्या मुलीचा पाणउतारा केला," मी म्हटलं. आवाज कुठल्या कुठे गेला होता. "तिनं मला मानानं नेलं होतं. माझं चुकलं. आणि काकू, आज तुम्हालाही मी चारचौघांत बोललो. ते बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. काटा मी उद्या स्वतः दुरुस्त करून आणतो."

काकू म्हणाल्या, असू दे हो. कप्तान काहीतरी बोलणार होते, बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, ते गप्प झाले. स्टोअरवाल्यानं सवयीनं रजिस्टर उघडलं होतं, ते मिटलं. मी लेकीकडे पाहायचं टाळत होतो, पण ती माझ्यासमोरच येऊन उभी राहिली. आतून ग्लास घेऊन आली होती. भिंतीशी उभ्या असलेल्यांकडे तिनं बोट केलं आणि एक एक करून माणसं मोजली. आईलाही धरलं.

"तिथं अकरा जण होते, बाबा," ती म्हणाली. "इथं पाचच आहेत. माप कमी भरतंय."

मी मान हलवली. आकडा बरोबर होता. उरलेले सहा कुठून आणू, असं मी खरोखरच विचारणार होतो. खालच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं होती, ती बोलावता आली असती.

"पण घेते मी," ती म्हणाली, आणि ग्लास तोंडाला लावला.

एकतीस वर्षांत कमी माप असं राजीखुशीनं घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि एवढ्या लोकांदेखत रडू आल्याचा भयंकर राग आला. मी ड्रायव्हरवर खेकसलो की बघत काय उभा राहिलास, कपाट आधी उचल, आणि दुसऱ्या बाजूनं ते मीच धरलं.